तांदळावरची सुपारी

हॅलो?… हो, मीच. बोल, जुईली… असू दे गं, मौन मोडलं तर मोडलं. पूजा अर्धी झाली होती. पण तीनदा वाजला फोन, त्यात आज तुझ्या पीएचडीची व्हायवा. आईचा जीव राहतो का?… रडून राहिली का तू?

कोण?… कमलाकांत काका? अमरावतीला?… मला तर म्हणाले, मोझरीला चाललो!… हॉलमध्ये? पहिल्याच रांगेत?… हातात तुझा सारांश… उभं राहून काय विचारणार म्हणे?

…'पुरोहिताच्या घरची पोर, देवाला सुपारी म्हणते.' असं?… सगळ्यांसमोर?

नाही, नाही… अगं ऐक ना. ते सुपारीचं प्रकरण गाळते म्हणू नको. पाच वर्षं घासली तू… अर्ध्या तासात काहून सगळं विसरली? मला समजावलं होतं न, वाती वळता वळता? शब्दाचा अर्थ शब्दात नसतो. बाकीच्या शब्दांत तो कुठे बसला, कोणाहून वेगळा, त्यावर ठरतो. आधी हे भाषेत दिसलं, मग तीच नजर लोकांनी नात्यांना, कहाण्यांना, रीतींना लावली… हो, मग तेच तर! सुपारी डब्यात सुपारी, विड्यावर ठेवली की मान, तांदळाच्या राशीवर मांडली की गणपती.

…मला?… वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? वाचलं त्या दिवशी हात जोडताना अडखळले मी. जागेनं देव होतो, तर माझ्या हात जोडण्याचं काय? ते तुझ्या मांडणीत कुठेच नाही, जुईली… हो, कोणी विचारलं तर तसंच सांग, की एवढं यात मावत नाही. त्यानं बाकीचं खोटं होत नाही.

काय?… तुझ्याकडेच येऊन राहिले?… दे. त्यांना दे फोन… अगं, दे तर!

नमस्कार करते, भाऊजी… हो, मौनातच होते… ऐकते… हो… हो, ऐकते… भाऊजी, एक विचारू? मागच्या चतुर्थीला पूजा तुम्हीच सांगितली आमच्याकडे. उत्तरपूजा झाली, अक्षता टाकून तुम्ही गणपती हलवला. जेवणं झाली. तुम्ही विडा लावायला बसलात तर डब्यातली सुपारी संपलेली. मग तुम्ही कोणती कातरली?… आठवा… अडकित्ता मीच आणून दिला होता.

…हो, तीच. तांदळावरची.

…नाही हो, पाप कसलं! जागेवरून हलली, सुपारी झाली. तुम्ही बरोबरच केलं. पोरीनं तेवढंच लिहिलं… हं… हं… बसा न मग. शेवटपर्यंत ऐका तिचं. घरचं कोणीतरी पाहिजे समोर.

जुईली?… पाणी पी… नाव पुकारलं? जा, जा… नाही, आता फोन करू नको. मला पूजेला पहिल्यापासून बसायचं आहे… हो, सुपारी मांडलेलीच आहे.

मी मौन धरते. तू बोल.