लिनक्स आणि पखवाजाची कणीक

गेणभाऊ : ...आन् मी काय म्हणतो हर्षाली, सुदर्शन येणार म्हंजी येणार. ओझरहून माझा पखवाज कायमचा न्यायलाच निघालाय तो. त्याला शब्द दिलाय मी. तू मधीच ही पेटी मांडून बसू नको.

हर्षाली : पेटी नाही आबा, लॅपटॉप आहे. आणि सुदर्शनकाका यायला अजून वेळ आहे. पखवाज घरातनं जायच्या आधी त्याचा आवाज मला नीट धरून ठेवायचाय. एकदाच वाजवा.

गेणभाऊ : धरला व्हतास की दिवाळीच्या आधी. काय उजेड पडला? सगळ्या पिंपरी पेंढारनं मोबाइलवर ऐकलं, गेणभाऊचा हात मागं पडतो ते.

अंजना : अवं, नातीवर काय खेकसताय? पखवाज द्यायचं तुमचं तुमीच ठरवलंत. मला बायकोला तरी इचारलं का?

गेणभाऊ : तुला काय इचारायचं? वाजवणारा मी.

अंजना : आन् ऐकणारी कोण? मिसरूड फुटल्यापास्नं वाजवताय, निम्मं मीच ऐकलंय. बाकीचं निम्मं माझ्या सासूनं ऐकलं, ती सुटली बिचारी.

हर्षाली : आजी, हसवू नकोस, माझा माइक हलतोय. आबा, ह्या वेळी खरंच वेगळं आहे. लॅपटॉपच्या आतलं सगळं मी बदललंय. जुनं पुसून टाकलं आणि लिनक्स टाकलं.

अंजना : आता ही कोण बया?

हर्षाली : बया नाही गं. लॅपटॉप ज्याच्यावर चालतो ना, ती सिस्टीम. आधीच्यात गाणी जोडायचं सॉफ्टवेअर चोरून घेतलेलं होतं, आमच्यात सगळे तेच करतात. पण परवा मी भजनातल्या सयाजीआजोबांचे रेकॉर्ड केलेले टाळ जोडत होते, तर मध्येच बंद पडलं. म्हणे, लायसन दाखवा.

अंजना : बरूबर हाय की. बिनकागदाच्या गाडीला पोलीस कवा तरी अडवणारच.

हर्षाली : म्हणून तर! हे चोरीचं नाही आणि विकतचंही नाही.

गेणभाऊ : म्हंजी फुकाट. पोरी, फुकाटचं औषध कवा अंगी लागत न्हाई.

हर्षाली : आबा, एक सांगा. काकड्याला तुम्ही ती नवी चाल म्हणता ना, उंच जाणारी? ती कुठून आली?

गेणभाऊ : मंचरकडच्या एका मंडळानं म्हटली व्हती, सप्त्यात. आमाला आवडली, आमी उचलली.

हर्षाली : पैसे किती दिले?

गेणभाऊ : चालीचं पैशे? येडी का खुळी तू? उलट त्येंनीच आमाला आमटी-भाकरी घातली वर.

हर्षाली : आणि जशीच्या तशी म्हणता?

गेणभाऊ : छ्या! दुसऱ्या चरणाला लई घसरायची ती. गाणारा एकीकडं आन् टाळ दुसरीकडं. मी तिथं ठेका फिरवला, मग बसली. आता मंचरवालं बी आमच्यावाणीच म्हणत्यात.

हर्षाली : झालं तर! लिनक्स म्हणजे तेच. ज्याला जमतं तो करतो, दुसऱ्या चरणाला घसरलं की कुणीतरी दुरुस्त करतो, आणि ते परत सगळ्यांना मोकळं. काल माझा माइकच लागत नव्हता. मी इंटरनेटवर विचारलं, तर ब्राझीलच्या एका माणसानं बसून मला सगळं समजावलं.

अंजना : ब्राझील म्हंजी आळेफाट्याच्या पुढं का?

हर्षाली : बरंच पुढं, आजी.

गेणभाऊ : आन् त्यो काय म्हणाला, पैशे?

हर्षाली : काहीच नाही. म्हणाला, जमलं की काय वाजवलंस ते ऐकव.

गेणभाऊ : हां. मग माणूस आपल्यातला हाय. आमचं रखमाजीबुवा असंच म्हणायचं. गुरुदक्षिणा इचारली तर म्हणायचं, आणखी दोघांना शिकव, फिटलं. पण पोरी, माणूस चांगला असून काय उपेग? माझा हातच ऱ्हायला न्हाई.

हर्षाली : तुम्ही वाजवून तर बघा.

गेणभाऊ : कसा वाजवू? डाव्या तोंडाला कणीक नको का लावायला? कोरडा पखवाज काय बोलणार, डब्यावाणी वाजंल. आता या वक्ताला कणीक कुठनं आणू?

अंजना : ही घ्या.

गेणभाऊ : ...ही कवा मळलीस?

अंजना : सकाळी पोळ्या लाटतानाच गोळा काढून ठिवला. भजनाचा वार हाय न्हवं आज.

गेणभाऊ : मी तर दोन-तीन म्हयने झालं भजनाला गेलो न्हाई.

अंजना : तुमी न्हाई गेलात. माझा हात जातो. दर भजनाच्या वारी गोळा निघतोच बाजूला. मग सांजच्याला त्याची पोळी करून घालते तुमाला, आन् तुमी म्हणता, आज पोळी जरा चामट झाली.

हर्षाली : आजी!

अंजना : काय आजी? घरात त्यो आवाज न्हाई तर मला करमत न्हाई, बास. आता डोळं पुसू दे, कणकेचा हात हाय. तू तुझं यंत्र चालू कर.

हर्षाली : आबा, हा हेडफोन. ह्यात सयाजीआजोबांचे टाळ येतील. त्यांच्याबरोबर तुम्ही वाजवायचं. तुमचा पखवाजही तुम्हाला ह्यातच ऐकू येईल.

गेणभाऊ : ह्यो कानातला डबा नको बाबा. मागल्या खेपंला ह्यानंच...

हर्षाली : ह्यानंच काय?

गेणभाऊ : काय न्हाई. लाव.

हर्षाली : आजी, पंखा बंद कर. आणि दाराची गोधडी नीट ओढ, बराखीत कांदे भरतायत त्यांचा गलका येतोय. आबा, टाळ सुरू झाले की...

गेणभाऊ : मला शिकवू नको.

(गेणभाऊ वाजवायला लागतात. धा दिं ता, धा दिं ता. मग तिटकत गदिगन. बाहेर कांदे भरणाऱ्या बायकांचं बोलणं थांबतं. मग पखवाज मध्येच गप्प होतो.)

हर्षाली : का थांबलात? इतकं छान चाललं होतं!

गेणभाऊ : हर्षाली.

हर्षाली : काय झालं आबा? हात दुखला?

गेणभाऊ : ह्यात आवाज मागनं येत न्हाई.

हर्षाली : कसला आवाज?

गेणभाऊ : माझाच. थाप मारली की तिथंच ऐकू येतीय. मागल्या खेपंला थाप आधी पडायची, आन् कानात आवाज मागनं यायचा. हिरीत हाक मारल्यावाणी. मग मी काय करायचो, त्यो येईस्तवर थांबायचो.

हर्षाली : थांबा, थांबा. दिवाळीआधी तुम्हाला तुमचा पखवाज उशिरा ऐकू येत होता?

गेणभाऊ : तर! सगळ्या अभंगभर.

हर्षाली : अहो आबा, मग तुम्ही मागे पडणारच! जगातला कुणीही पडेल. तो दोष लॅपटॉपचा होता. आवाज आत जाऊन बाहेर यायला उशीर लावत होता तो. मी फक्त फाइल ऐकली आणि तुम्हाला म्हटलं, मागे पडताय. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत मला?

गेणभाऊ : काय सांगू? म्हाताऱ्या माणसानं तोंड वर करून म्हणायचं, माझंच वाजवणं मला उशिरा ऐकू येतंय? मला वाटलं, कान बी गेलं आन् हात बी गेलं. आन् बोललो असतो तर गाव काय म्हणालं असतं? नाचता येईना अंगण वाकडं.

अंजना : पण ह्या खेपंला अंगणच वाकडं व्हतं की!

हर्षाली : खरंच वाकडं होतं, आजी. मी ते पुसून दुसरं घातलं.

गेणभाऊ : तुमी दोघी लगीच नाचू नका. लॅपटॉपचं समजलं. पण मंदिरात कुठं व्हता लॅपटॉप? दिवाळीनंतर तिथं बी तेच झालं. मी वाजवायचो आन् टाळ माझ्यासाठी रेंगाळायचं. मला कळत न्हाई व्हय? समदी मिळून म्हाताऱ्याला सांभाळून घेत व्हती. त्याच दिवशी ठरवलं, आता बास. कुणी दया करावी असं वाजवायचं न्हाई.

अंजना : अवं, त्याचं मला ठाऊक हाय.

गेणभाऊ : तुला काय ठाऊक?

अंजना : सयाजीभावजींची रत्ना बोलली व्हती मला, कांदं निवडताना. ते मोबाइलवरचं भजन ऐकलं आन् भावजींनी समद्यांना बजावलं, गेणभाऊला वयाचं झेपंना, तवा टाळ दमानं धरा, पण त्येला कळू देऊ नका.

हर्षाली : म्हणजे ते मुद्दाम हळू वाजवत होते?

अंजना : मुद्दाम. मानापायी.

गेणभाऊ : आन् मला वाटायचं टाळ मागं पडतंय, तवा मी त्येंच्यासाठी थांबायचो!

हर्षाली : मग ते तुमच्यासाठी आणखी थांबायचे.

गेणभाऊ : मग मी आणखी! अगं, तरीच एकेक अभंग सरता सरंना! सयाजी माझ्यासाठी, मी सयाजीसाठी... पांडुरंग बी कटाळला आसंल इटंवर!

अंजना : परसादाचा शिरा थिजायचा तवर. मी म्हणायची, ह्येंची भक्ती वाढली.

हर्षाली : आबा, किती दिवसांनी हसलात!

गेणभाऊ : हसू नको तर काय करू? घराघरात माझा हात गेल्याचा बोभाटा, आन् हात बिचारा हितंच. पण हर्षाली, खरं सांग. माझं मन राखायला बोलत न्हाईस न्हवं? सयाजीवाणी?

हर्षाली : मन कशाला राखू? आत्ताचंच ऐका. हेडफोन काढा, मोठ्यानं लावते. आजी, तूच सांग कोण मागे आहे ते.

अंजना : लाव.

(हर्षाली आत्ताचं रेकॉर्डिंग मोठ्यानं लावते.)

अंजना : अगंबाई.

गेणभाऊ : काय अगंबाई? सांग की.

अंजना : भावजींचंच टाळ मागं हायेत!

हर्षाली : थोडेसे आहेत हं, आबा. तुम्ही बरोबर समेवर आहात.

गेणभाऊ : परत लाव.

हर्षाली : परत?

गेणभाऊ : ते गदिगनपास्नं लाव. ...हां. ऐकलंस? डावा हात कसा घुमतोय. अंजना, कणीक बरूबर बसलीय. लई बरूबर बसलीय.

अंजना : माझी कणीक कवा चुकली?

हर्षाली : आबा, हे मी त्या ब्राझीलच्या माणसाला पाठवू?

गेणभाऊ : पाठव. आन् त्येला इचार, तुमच्यात भजन हाय का? चाल पाहिजे तर घे म्हणावं. दुसऱ्या चरणाला ठेका कसा फिरवायचा ते मी सांगतो.

हर्षाली : सयाजीआजोबांना काय सांगायचं?

गेणभाऊ : आत्ता काय सांगू नको. आज रातच्या भजनात मी असा काय धरतो ठेका, त्याला पळताच यायला पाहिजे टाळ घेऊन. मग सांगू.

अंजना : दमानं घ्या वो. त्येंचं बी वय झालंय.

गेणभाऊ : मग त्येला तू कळू देऊ नको!

हर्षाली : आबा, फोन. सुदर्शनकाका आहेत. म्हणतायत आळेफाटा सोडला, येतोच. पखवाजाला गुंडाळायला सतरंजी आणलीय म्हणे.

अंजना : आता? शब्द दिलाय न्हवं तुमी. ते पोरगं एवढ्या उन्हाचं गाडी मारीत येतंय.

हर्षाली : काय सांगू आबा त्यांना?

गेणभाऊ : त्येच्याकडं त्याच्या बापाचा जुना पखवाज हाय न्हवं? कातड्याची पुडी फुटलेला?

हर्षाली : आहे ना. तो वाजत नाही म्हणून तर तुमचा हवाय त्यांना.

गेणभाऊ : मग त्येला म्हणावं, माघारी फिर आन् त्यो घेऊन ये. पुडी मी मढवून देतो. पखवाज माझ्याकडनं न्यायचा व्हता त्येला, त्यापरीस हात घेऊन जा म्हणावं. बुवांचं देणं बी माझ्याकडं ऱ्हायलंच हाय अजून.

हर्षाली : रागावतील ते. अर्ध्या वाटेत आलेत.

गेणभाऊ : रागावंल. मग हितं बसंल, वाजवंल, आन् जेवून जाईल. अंजना...

अंजना : काय?

गेणभाऊ : कणीक जरा जास्तीची मळ. आता दर वारी दोन गोळं लागतील.