चेहऱ्यावरचे दाणे

चौऱ्याहत्तर साली इतवारीतल्या एका फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी थांबलो होतो. माझ्यापुढच्या म्हातारीनं वारलेल्या नवऱ्याचा मोठा करून घेतलेला फोटो काउंटरवर परत ठेवला.

“हे आमचे नाहीत, बापू.”

“तेच आहेत, मावशी. लहान फोटो मोठा केला का दाणे येतात. दोन दिवस ब्रश घेऊन सारा चेहरा साफ केला मी.”

“त्यायले लहानपणी देवी आल्या होत्या. ते वण होते गा.”

“मले काय माहीत, मावशी. दुसरा काढून देतो. पण त्याच्यात दाणे अन् वण सारखेच दिसतात. काय ठेवू अन् काय पुसू?”

“तू काढ. मले पाठ आहेत. मी जिथं बोट ठेवीन, तिथं ब्रश नको लावू.”