पुलाचे बॅरिस्टर

(लातूर. आमदार बॅरिस्टर व्यंकटरावांच्या घरातली आतली खोली. बाहेर हॉलमध्ये हारतुरे घेऊन माणसं दाटलीत. आत त्यांची थोरली बहीण धुरपता आणि तिची मुलगी ज्ञानेश्वरी. ती नांदेडच्या कोर्टात वकिली करते. व्यंकटरावांनी दार लावून घेतलंय, तरी घोषणा आत येतातच.)

धुरपता : दार कामून लावलास? तुझ्याच नावानं वरडून राहिलेत की.

व्यंकटराव : म्हणूनच लावलं, अक्का. मंत्र्यांच्या यादीत नाव आहे अशी नुसती कुणकुण लागली, तर पेढे सुरू. शपथ परवा आहे, आणि एकानं आजच बदलीचा अर्ज हातात कोंबला.

ज्ञानेश्वरी : मामा, मी काय विचारलं?

व्यंकटराव : ऐकलं मी. तुमच्या वाडीच्या पुलासाठी तू खंडपीठात नवी याचिका टाकलीस, आणि मी तुझ्याबरोबर उभं राहायचं. अगं, मी सरकार पक्षाचा आमदार आहे!

ज्ञानेश्वरी : आमदाराला वकिली करता येते. मंत्र्याला नाही. म्हणून तर आजच आलो. पुढच्या आठवड्यात तारीख आहे.

व्यंकटराव : त्यापेक्षा मला मंत्री होऊ दे. पहिली सही त्या पुलाच्या कागदावर करतो.

धुरपता : आमदार व्हायच्या आदीबी मारुतीच्या पारावर हेच म्हणला व्हतास.

व्यंकटराव : आणि प्रयत्न केला नाही का मी? अक्का, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलो, तेव्हा कोर्टात मी बोलायला लागलो की न्यायमूर्ती पेन खाली ठेवून ऐकायचे. तुझ्या सासरचा म्हणून पुलाचा खटला घेतला, हुकूम मिळवला. सभागृहात तोच पूल मांडायला उभा राहिलो, तर घंटी वाजते. मंत्री म्हणतात, ‘तपासून घेऊ.’ जास्त बोललो तर आपलाच माणूस मागून कोट ओढतो – ‘बॅरिस्टर, बसा, सरकार आपलंच आहे.’ पूल होईल म्हणून पक्ष बदलला. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पक्ष तेवढा बदलला!

ज्ञानेश्वरी : पण निवडणूक त्याच पुलावर जिंकलात ना, मामा? ‘पुलाचे बॅरिस्टर’ म्हणून औशापासून मुरुडपर्यंत पोस्टरं होती. तिकडं नाल्यावर एक खांब नाही.

व्यंकटराव : तू मला शिकवू नकोस! हुकूम पाळला नाही म्हणून मुदतीत अवमान याचिका करायला निघालो होतो मी. पक्ष म्हणाला, नंतर बघू.

धुरपता : वरडू नको तिच्यावर. पूनमला दवाखान्यात कसं नेलं, ते ठावं हाय का तुला?

व्यंकटराव : तुझ्या सुनेचं कळलं ना मला. फोन केला होता, अक्का.

धुरपता : केलास. ‘काळजी घ्या’ म्हणलास. कसं नेलं ते इचारलं न्हाईस. नाला भरून चाललेला. पोरीला कळा सुटल्या. बाजंवर घातली, दोघं म्होरं, दोघं मागं. छातीएवढं पाणी. मधी बाज कलली. पूनम वरडली न्हाई. दोन्ही हातानं पोट धरून बसली नुसती. पल्याड जीप उभी व्हती. इस्लापूरचा दवाखाना येईस्तोर लेकरू गेलं. पोरगी व्हती.

व्यंकटराव : मी… तेव्हा अधिवेशनात होतो.

धुरपता : हाव. टीव्हीत दिसलास. बाक वाजवीत व्हतास.

ज्ञानेश्वरी : माय, जाऊ दे.

व्यंकटराव : नाही, बोलू दे तिला. याचिकेवर सह्या कुणाच्या आहेत? मागच्या वेळी अख्खी वाडी ट्रॅक्टरमध्ये बसून आली होती.

ज्ञानेश्वरी : यावेळी कुणी यायला तयार नाही.

व्यंकटराव : का?

धुरपता : तवा तू वकील व्हतास. आता म्हणत्यात, आपलाच माणूस सरकारात हाय, त्याच्यावर कसं जावं? आदी तुझ्या जिवावर बोलायचे, व्यंकट. आता तुझ्या भिडंनं गप हायत.

व्यंकटराव : मग अर्जदार कोण?

ज्ञानेश्वरी : माय.

व्यंकटराव : अक्का! तू माझ्या सरकारवर केस घातलीस?

धुरपता : तुझं हाय म्हणूनच. परक्याला कोणत्या तोंडानं रागावू?

व्यंकटराव : थांबा, मुंबईचा फोन आहे… हां, साहेब. नमस्कार. होय, आभारी आहे… खात्याचं काही नाही, तुम्ही द्याल ते. एक विनंती होती. तो इस्लापूरकडचा पूल… नाही नाही, अट नाही, साहेब… हो. हो. नंतर बोलू. ठेवतो.

ज्ञानेश्वरी : काय म्हणाले?

व्यंकटराव : म्हणाले, पूलबिल नंतर. शपथेला बरा कोट घाला, सगळे चॅनलवाले येणार आहेत.

धुरपता : मंग घाल. मी तुला आडवाया आले न्हाई, बाबा. हिची विनवणी हिच्यापाशी. मी सांगाया आले, का तुझ्या बहिणीनं केस केली हे तुला पेपरातून कळू नये. तू मंत्री हो, मला गोडच हाय. चल गं, बस निघंल.

व्यंकटराव : बस, अक्का. ज्ञानेश्वरी, सरकारी वकील उठून म्हणेल, काम प्रस्तावित आहे, मुदत द्या. तू काय उत्तर देशील?

ज्ञानेश्वरी : निधी मंजूर होऊन किती वेळा परत गेला, ते सांगेन.

व्यंकटराव : निधीत शिरलीस की संपलीस. ते आकडे वाचत बसतील आणि कोर्ट पुढची तारीख देईल. सरळ पूनमचं सांगायचं. नाला, बाज, पाणी. आणि म्हणायचं, बाळंतपण पुढची तारीख घेत नाही.

ज्ञानेश्वरी : हे मी म्हटलं तर तिथं कुणी मान वर करणार नाही, मामा.

व्यंकटराव : करतील. सवय होईल.

ज्ञानेश्वरी : तोवर आणखी एक पावसाळा जाईल.

धुरपता : उठ म्हणलं ना. त्याला कोड्यात घालू नको. बाहेर माणसं ताटकळलीत.

व्यंकटराव : ताटकळू देत. फोन कुठं ठेवला मी?… हॅलो, साहेब, व्यंकट बोलतोय. परवा मी येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी घ्या… नाही, राग नाही. पुढच्या आठवड्यात खंडपीठात तारीख आहे, मला उभं राहायचंय… होय, शुद्धीवर आहे… कुणाच्या विरोधात म्हणजे? आपल्याच, साहेब.