शून्य विरुद्ध एकशे ब्याऐंशी

मी : बाबा, तुम्ही माझ्याशी मुद्दाम हरता का?

बाबा : काय?

मी : हातातल्या डबीवरच्या त्या कार्डांच्या गेममध्ये. हो की नाही, एवढंच सांगा. मैत्रिणींनी पैज लावलीय की हे तुम्हाला विचारायची माझी हिंमतच होणार नाही. झाली. आता उत्तर घेतल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठत नाही.

बाबा : हे घड्याळ उद्या सकाळी गिऱ्हाइकाला द्यायचंय. काच बसवू दे.

आई : काच मघाशीच बसलीय. तुम्ही नुसतं डोळ्याला भिंग लावून बसलायत.

बाबा : तू गरम पाण्यात पाय घालून बसलीयेस ना, बस शांत. दिवसभर वॉर्डात उभी होतीस.

आई : पाय पाण्यात आहेत, कान नाहीत.

मी : ऐका तरी. शनिवारी शाळेच्या क्लबात गेले. दोन गेम वायरने जोडायचे आणि समोरासमोर खेळायचं, आपण रविवारी खेळतो तसंच. मी आधीच गावभर करून ठेवलं होतं, बाबांशी एकशे ब्याऐंशी डाव जिंकलेय, एकही हरले नाही म्हणून. चार डाव खेळले, चारही हरले. शेवटचा तर सहावीतल्या चिमुरडीशी. ती एका हाताने केळं खात होती.

बाबा : नशिबाचा भाग असतो गं. तो त्या गेमचा दोषच आहे. ऊठसूट नाणेफेक.

मी : दोष आहेच. भित्तिपत्रिकेसाठी मी त्याच गेमवर लिहितेय, त्यात पहिला तोच टाकलाय. नाणं इतकं सावकाश फिरतं की तेवढ्यात माणसाचे दात घासून होतील. पण चारही वेळा नाणंच माझ्यावर उठेल? त्या मुली चांगलं कार्ड राखून ठेवतात, बाबा. मी हातातलं सगळं उधळून बसले की मग काढतात. तुम्ही कधीच राखून ठेवत नाही. पहिल्या तीन चालींत तुमची सगळी वाघांची कार्डं मैदानात. मला वाटायचं, जगात सगळे असेच खेळतात.

बाबा : माझी पद्धतच तशी आहे.

आई : अहो, तुमचा गेम द्या बघू तिच्याकडे.

बाबा : कशाला?

आई : त्यात नोंद असते ना. तुमच्या त्या डबीतली मला हीच एक गोष्ट आवडते, ती खोटं बोलत नाही. वाच गं.

मी : कॉम्प्युटरशी जिंकले चारशे सहा, हरले नऊ. माझ्याशी जिंकले शून्य.

बाबा : कॉम्प्युटर मठ्ठ आहे.

मी : तेही लिहिलंय मी. पण गेमच्या शेवटी राजवाड्यात जो म्हातारा खेळायला येतो, तो मठ्ठ नाही. मला तो आजवर एकदाही हरवता आला नाही. तुम्ही एकोणीसदा हरवलाय त्याला.

बाबा : वीस. शेवटचं नीट वाच.

आई : घ्या. आलात पकडीत.

मी : बाबा.

बाबा : सात वर्षांची होतीस. पाय प्लास्टरमध्ये. दुकानात हे दोन मोडके गेम पडून होते, कुणी न्यायलाच आलं नाही. दुरुस्त करून आणले. नियम गेमनेच शिकवले तुला, इतके छान की मला तोंड उघडावं लागलं नाही. पहिला डाव मी जिंकत आलो, तर तू वायरच उपटलीस. दोन दिवस गेमला हात लावला नाहीस. तिसऱ्या दिवशी मी हरलो, तर प्लास्टरचा पाय पलंगावर आपटून हसलीस. तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली, पुन्हा मोडून घेतेस का म्हणून.

मी : तेव्हा सात. आता नववीत आहे मी.

बाबा : थांबायचं कधी, तेच कळलं नाही. पन्नास झाले, शंभर झाले. वाटायचं, एकदा हरलीस की पुन्हा वायर उपटशील. तुझ्या वयाच्या मुली रविवारी बापाशी अर्धा तास बसतात कुठं? तू बसतेस. ते घालवायचं नव्हतं.

आई : मी कितीदा म्हटलं, सांगून टाका.

मी : वायर कुठंय? एक डाव खेळायचा. खरा. दयामाया दाखवलीत तर आता लगेच कळेल मला. आई पंच.

(वायर जोडतात. बराच वेळ फक्त बटणांचा आवाज.)

आई : पाणी गार झालं माझं. कोण जिंकलं?

मी : सहाव्या चालीत उडाले. शेवटपर्यंत गरुडाचं कार्ड दाबून ठेवलं होतं, आई. सात वर्षांत यांच्याकडे गरुड आहे याचा मला पत्ता नव्हता.

बाबा : लागलं का गं मनाला?

मी : लागलं. पण गरुड टाकताना तुमची जीभ बाहेर आली होती.

बाबा : काहीतरीच.

आई : आली होती. लग्नात फोटो काढतानाही अशीच.

मी : आता दोघं ऐका. मी ठरवलंय. माझ्या गेमवर नवा खेळ सुरू करतेय, पहिल्या पायरीपासून.

बाबा : अगं, जुनं सगळं पुसलं जाईल. एकाच खेळाची जागा आहे त्यात, हाच तर त्याचा सगळ्यात मोठा दोष. सगळी कार्डं जातील. ते एकशे ब्याऐंशी जातील.

मी : ते माझे होते कुठं? साधी कार्डं घेऊन राखून खेळायला शिकते. फक्त प्लास्टरच्या वेळी मिळालेलं ते पहिलं कासवाचं कार्ड आधी वायरने तुमच्या गेममध्ये पाठवते, सांभाळा. आणि शनिवारी क्लबात जाणार. बहुतेक हरूनच येईन. पण रविवारी आपण इथंच बसायचं, बाबा. वायर मी उपटणार नाही.