सातव्या मजल्यावरचा अर्ज

(ग्वाल्हेर, ऑक्टोबर १९५६. नव्या सरकारी कचेरीचा सातवा मजला, जवळजवळ रिकामा. लिफ्टवाला सूर्याजी आणि दप्तरदार मुकुंदराव.)

सूर्याजी : अहो, यादी मी दोनदा वाचून घेतली. भोपाळला जाणाऱ्यांत तुमचं नाव नाहीच आहे, मुकुंदराव.

मुकुंदराव : राहून गेलं असेल. साहेब बोलावतील.

सूर्याजी : साहेब निघाले! खाली जीप उभी आहे, या काचेतून बघा. तुम्ही अर्जी दिली होती की नाही?

मुकुंदराव : अर्ज कसला? चार पिढ्या दप्तर सांभाळलं आम्ही. दरबारातून बोलावणं यायचं. आमच्या घरात चाकरी कुणी मागितलेली नाही.

सूर्याजी : दरबार कुठे राहिला आता? हे मध्यभारत राज्यसुद्धा चार दिवसांत खतम.

मुकुंदराव : अरे, पण ही इमारत आमच्यासाठीच बांधली ना? सात मजले, लिफ्ट, या एवढाल्या काचा. जुन्या कागदांची बासनं, दप्तराचे रुमाल मी स्वतःच्या हातांनी लावले इथे. भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नाही, आणि म्हणे राजधानी भोपाळला!

सूर्याजी : इमारतीला कोण विचारतो? दरबारची आमची फौज मोडली तेव्हा मीही छावणीत ताठ बसून होतो. दोन महिने. पोरं उपाशी झोपली, मग गेलो आणि साहेबांपुढे हात जोडले. शरम वाटली, लई वाटली. पण ही लिफ्ट तरी मिळाली.

मुकुंदराव : घरी बायकोने, शरयूने, सामान बांधलंय रे. घरमालकाला जागा सोडतो म्हणून सांगून बसलोय मी.

सूर्याजी : मग चला ना! ड्रायव्हर गाडीत चढला बघा.

मुकुंदराव : काय म्हणू त्यांना?

सूर्याजी : साहेब, मलाही घेऊन चला. बस, इतकंच.

मुकुंदराव : असं एकदम? आधी निदान प्रकृतीची चौकशी तरी...

सूर्याजी : तुमच्या पाया पडतो, चला!

मुकुंदराव : थांब. एकदा इथेच म्हणून बघतो. साहेब... आपल्या कृपेने... नाही रे, जीभच उचलत नाही.

सूर्याजी : कृपा सोडा. सरळ म्हणा.

मुकुंदराव : साहेब, मलाही घेऊन चला. जमलं ना? घे, लिफ्ट खाली घे.

सूर्याजी : जीप फाटकाबाहेर गेली, मुकुंदराव.

मुकुंदराव : गेली?

सूर्याजी : गेली.

मुकुंदराव : माझ्याबरोबर घरापर्यंत येशील? शरयूला सांग, 'मलाही घेऊन चला' असं मी म्हणालो होतो म्हणून.