आधी वहिनी, मग भावजी

वहिनी : पुन्हा तेच! चाचणीसाठी मी फायबरची तार उपसली, आणि आईंचा चालू फोन मधेच तुटला. भावजी, तुम्ही परत उडी मारलीत ना?

भावजी : मी कशाला? माझ्या पॅकेटांनी, बोलण्याच्या त्या तुकड्यांनी मारली. वाट बंद दिसली की दुसरीकडून जायचं, हेच तर त्यांचं काम!

वहिनी : आणि तारेतून बोलणं नेणारा माझा उजेड तोवर राखीव फायबरवर पोचलेला असतो. पूर्वी ऑफिसात उजेडाचं, म्हणजे ऑप्टिकलचं यंत्र माझ्या खोलीत, पॅकेटचं तुमच्या तळघरात. आता या एकाच नव्या पेटीत दोघं, नि दोघंही एकदम धावतात. मधल्यामध्ये फोनचा जीव जातो.

भावजी : अगदी घरच्यासारखं.

वहिनी : हसू नका. आता एकच चाचणी उरलीय. फसली तर साहेब पेटी परत पाठवणार आणि तुम्ही पुन्हा तळघरात.

भावजी : नको हो! तिथले उंदीरसुद्धा बदली मागतात.

वहिनी : मग पेटीला सांगा, वाट तुटली तर पापणी लवेपर्यंत पॅकेटांनी थांबायचं. उजेडाला वाट सापडली तर जागचं हलायचंच नाही. नाहीच सापडली, तर रान तुमचंच.

भावजी : म्हणजे इथंही आधी वहिनी, मग भावजी?

वहिनी : परवा छकुलीला आणायला दोघंही धावलो. मी तिला घेऊन पाळणाघराच्या मागच्या दारानं निघाले, आणि तुम्ही पुढच्या दारात ‘पोर हरवली’ म्हणून गाव गोळा केलंत. जरा थांबला असतात तर?

भावजी : ते आता नका ना काढू! घ्या, केलं सेटिंग. चाचणीला आईच कशाला पण?

वहिनी : न थांबता बोलणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे? लावा फोन.

आई : आलात परत? आता तरी धड ऐका. तर काय सांगत होते, शेजारच्यांच्या मांजरीला—

(वहिनी फायबर उपसते. भावजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. एवढा शहाणा तो शाळेतही कधी बसला नव्हता.)

आई : —चार पिल्लं झालीत. त्यातलं पांढरं आपल्या छकुलीला हवंय. म्हटलं, आधी घरात विचारते. काय रे, आहात ना?

भावजी : आहोत! आई, तुला मधे काही तुटल्यासारखं वाटलं?

आई : नाही बाई. का?

वहिनी : आई, फायबर काढून मी हातात धरलीय! जमलं आम्हाला!

आई : तुमच्या तारा तुम्हाला ठाऊक. मला एवढंच कळलं, आज धाकट्यानं माझं बोलणं पुरतं होऊ दिलं.