माझ्या बेकारीचं भांडण

नाही, पण मला एक सांगा, नोकरी गेली कोणाची? माझी! बुटांच्या कारखान्यात, शिवणखात्यात, इतकी वर्षं मान मोडून कातडं शिवत बसलं कोण? मी! एका गुरुवारी सकाळी गेटला हे एवढं कुलूप, आणि त्या कुलपाकडे बघत, हातात जेवणाचा डबा घेऊन, रस्त्यात खुळ्यासारखं उभं राहिलं कोण? मीच ना? मग त्यावर बोलायचा पहिला हक्क कोणाचा? तुम्ही म्हणाल, नेलिदा, तुझाच. अहो, तुम्ही म्हणाल! आमच्या घरात कोण म्हणतंय? आमच्याकडे रविवारी अंगणात निखारे पेटले की माझी नोकरी माझी राहतच नाही. ती आधी घरची होते, मग गावाची होते, मग अख्ख्या आर्जेंटिनाची होते, आणि मी आपली आत टोमॅटो चिरत असते!

तुम्हाला सांगते, पहिला रविवार. कुलूप लागून चार दिवस झालेले नाहीत. माझे सासरे, डॉन एलेउतेरिओ, रेल्वेतून रिटायर झालेले. मांस भाजायच्या जाळीपाशी दुसऱ्या कोणी फिरकायचं नाही, चिमटा फक्त त्यांच्या हातात. माणूस मागच्या सरकारचा, आणि साधासुधा नाही हो, कट्टर! बैठकीत त्यांच्या पुढाऱ्याचा फोटो आहे, शेजारी मारियामाउलीचा आहे, आणि माउलीचा जरा खाली आहे. तर हे माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणतात, "नेलिदा, पोरी, फार वाईट झालं गं." झालं, माझ्या डोळ्यांत पाणी. चार दिवसांत पहिल्यांदा कोणी मायेनं बोललं. मी म्हटलं, "हो ना, बाबा, मला तर रात्रभर..." तर ह्यांचा आवाज चढलाच! "वाईट झालं! आणि कोणामुळे झालं?" आणि नजर कुठे? माझ्या डोक्यावरून पलीकडे, फाब्रिसिओ भाऊजींवर!

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. हा आत्ताच्या सरकारचा. गाडी चालवतो, मोबाइलवर भाडी घेऊन. सकाळी निघतो तो थेट अंधार पडल्यावर घरी, पाठ धरलेली, डोळे लाल, आणि म्हणतो काय, "मी कोणाचा नोकर नाही, मी स्वतःचा मालक आहे!" मालकाला जेवायला वेळ नाही, पण ते असो.

तर भाऊजी हातातला ग्लास आपटून म्हणाले, "कोणामुळे म्हणजे? तुमच्या लोकांमुळे, बाबा! नोटा छापल्या, नोटा! सकाळचा पाव संध्याकाळी दुप्पट! कारखाना तेव्हाच मेला होता, आम्ही फक्त पुरला!"

"जिवंत पुरलात, चोरांनो! बंदरं उघडी टाकली! बाहेरचे बूट इथे पावाच्या भावात!"

"मग घालता कशाला? तुमच्या पायांत काय आहे बघा!"

बघितलं सगळ्यांनी. बाहेरचेच होते. सासऱ्यांनी पाय खुर्चीखाली घेतले आणि चिमटा वर केला. "हिच्याकडे बघ जरा! हिच्या तोंडाकडे बघ, मग बोल!" की भाऊजी, "अहो, तुम्हीच बघा हिच्याकडे!" मी म्हणजे काय कोर्टातला पुरावा? टेबलावर ठेवलेला सुरा? एक इकडून बोट दाखवतो, एक तिकडून. मी म्हटलं, "जाळीवरचे चोरिसो सॉसेज करपतायत." ऐकेल कोणी तर शपथ! आणि माझा नवरा, आनिबाल... तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात आहे. सरकार कोणाचंही येवो, पाणी तेच. त्यानं त्या दिवशी तोंड एकदाच उघडलं. "मीठ दे," म्हणाला. घरात दोन देशभक्त, एक मीठवाला. आणि नोकरी कोणाची गेली? माझी!

असं दर रविवारी हो! बरं, माझा पगार बंद झाला तसं जाळीवरचं मांसही आकसायला लागलं. आधी बरगड्या गेल्या, मग कोंबडी आली, मग कोंबडीचे तुकडे बारीक झाले. त्यावरही भांडण! "ही कोंबडी तुमच्या सरकारची!" "नाही, हे पंख तुमच्या सरकारचे!" पोटं भरायची कशी? म्हणून मी आपल्या एम्पनादा तळायला घेतल्या. थोडा खिमा, भरपूर कांदा, उकडलेलं अंडं, एखादं ऑलिव्ह, पारीत भरायचं, कडा मुरडायच्या आणि सोडायच्या तेलात. तेवढ्याशा खिम्यात अख्खं घर जेवतं. आणि हातांना मुरडायची सवय होतीच. कातडं काय, कणीक काय... नाही, एक नाही म्हणत मी. कातड्याचा वास वेगळाच. असो.

तर त्या रविवारी मी ताट घेऊन अंगणात आले आणि बघते तर काय, कुंपणाबाहेर ही गर्दी! आमचं भांडण ऐकायला! लोक खुर्च्या घेऊन आलेले, माते, म्हणजे आमचा तो कडू पाल्याचा चहा, पीत बसलेले, नळी ह्या तोंडातून त्या तोंडात. समोरची डोन्या ओर्तेन्सिया तर विणकाम घेऊन! मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. तेवढ्यात ती कुंपणावरून वाकून म्हणते, "नेलिदा, काय वास सुटलाय गं! केवढ्याला दिलीस?"

मी "अहो, घ्या, तशीच घ्या" म्हणणार होते. खरंच म्हणणार होते! संस्कार आहेत माझ्यावर. पण तोंडातून निघाला आकडा. आणि तिनं पर्स उघडली. तिच्यामागच्यानं खिशात हात घातला. इकडे सासरे ओरडतायत, "अरे, ह्या देशात गरिबाला खायला काही उरलं आहे का?" आणि तिकडे कुंपणापाशी माझं ताट रिकामं!

पुढच्या रविवारी मी दोन ताटं केली. मग चार. फाटकाशी टेबल मांडलं, वर चादर घातली. आणि तुम्हाला सांगते, तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली... भांडण जेवढं लांबेल तेवढा खप! दोघं अर्ध्या तासात दमले की लोक चादरीवरच्या माशा हाकलून घरी. आणि दोघं पेटले की, देवा रे, लोक खाल्ल्याशिवाय हलत नाहीत! चवदार शिवी हासडली की सगळ्यांना भूक लागते, का कोण जाणे. मग मी काय करावं? तुम्हीच सांगा, काय करावं? नोकरी कोणाची गेली होती?

मी आपली सासऱ्यांच्या ग्लासात बर्फ घालता घालता म्हणायची, "जाऊ द्या, बाबा, भाऊजींचं मनावर घेऊ नका. रेल्वे फुकटखाऊंनी बुडवली म्हणाले, पण मनानं चांगले आहेत." बास! चिमटा वर! की मग तिकडे जायचं. "भाऊजी, बाबा म्हणत होते, तुम्ही मालकबिलक काही नाही, मोबाइलचे हमाल आहात... मी म्हटलं, असं बोलू नये." झालं! तासाभराची निश्चिंती! आणि मी फाटकाशी. "गरम आहेत, गरम! एक घेतलीत? मग दुसरी कोण खाणार?"

पण सुख टिकतं होय कुठे? माझ्या सासूबाई, डोन्या देलिया. बाई तोंडानं गोड, नजरेनं करवत. एक दिवस जाळीपुढे उभ्या राहिल्या आणि जाहीर केलं, "आजपासून जो राजकारण काढील त्याला मांस नाही. पावाचा तुकडाही नाही. आनिबालकडे बघा, कसा गुणी आहे!" आनिबाल म्हणाला, "मीठ दे." आणि खरंच हो, शांतता! सासरे निखाऱ्यांकडे बघतायत, भाऊजी आभाळाकडे. "यंदा थंडी लवकर आली, बाबा." "हो, रे. लवकरच." बाहेर लोक बसलेत माना उंचावून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ओर्तेन्सियानं सुया गुंडाळल्या. "आज काही नाही वाटतं?" म्हणाली, तोंड एवढंसं करून. लोक उठायला लागले! आणि माझी चार ताटं तशीच! खिमा उधारीवर आणलेला होता हो मी, खाटकाला काय तोंड दाखवू?

मग मी गेले आत. सॅलडचं भांडं उचललं. टेबलावर ठेवलं. आणि अगदी सहज, भोळ्या तोंडानं विचारलं, "बाबा, कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा नवीन सरकार आलेलं होतं ना हो? का यायचं होतं? माझं आपलं विसरायला होतं."

दोघं एकदम उठले! खुर्ची पडली, सॅलड सांडलं, कुत्रा टेबलाखालून पळाला! "यायचं होतं!" "आलेलं होतं!" बाहेर टाळ्या! ओर्तेन्सियाच्या सुया बाहेर! मी ताटं घेऊन धावले, आणि वळले तर सासूबाई दारात. माझ्याकडे बघतायत. मग ताटांकडे. मग गर्दीकडे. मग परत माझ्याकडे. संपलं, म्हटलं, आता आनिबालसकट घराबाहेर. बाई जवळ आल्या, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाल्या, "खिम्यात मनुका घाल थोड्या. माणसं जास्त घेतात."

आणि पुढच्या रविवारी, विश्वास ठेवा, निखारे नीट पेटलेसुद्धा नव्हते, तर सासूबाईच नवऱ्याला म्हणतात, "अहो, तुमच्या पुढाऱ्याचा फोटो जरा वाकडा झालाय. फाब्रिसिओनं तर नाही केला?" अशी गुणी बाई!

असे छान दिवस चाललेले. खाटकाची उधारी फिटली, जाळीवर बरगड्या परत आल्या, आणि एका सकाळी दारात किरोगा. किरोगा म्हणजे आमच्या कारखान्याचा मुकादम. टोपी हातात घेऊन उभा. "बाई, कारखाना उघडतोय. तुमचं नाव सगळ्यात आधी घेतलं मी." काय सांगू तुम्हाला! एप्रन तसाच, पीठ तसंच, निघाले त्याच्याबरोबर.

गेटचं कुलूप निघालेलं. आत शिवणखात्यात गेले... मशीनच नाही एकही. रिकामा हॉल, आणि भिंतीला लागून खोक्यांची चळत छतापर्यंत. बाहेरचे बूट. तयार! किरोगा खाली बघत म्हणाला, "खोकी उघडायची आणि आपल्या कारखान्याचं लेबल चिकटवायचं, बाई. सध्या एवढंच काम आहे. पगार आधीपेक्षा जरा कमी." मी माझी जागा शोधली, खिडकीजवळची. फरशीला मशीन पक्कं केलं होतं तिथली भोकं तेवढी उरली होती. त्यांत धूळ. मी त्या भोकांवर पाय ठेवून उभी राहिले. किरोगा म्हणाला, "रडू नका, बाई." मी म्हटलं, "पीठ गेलंय डोळ्यात." आणि घरी आले.

रविवारी बातमी फुटलेली होतीच. दोघं माझी वाट बघत उभे, हार घालायचेच बाकी! "बघितलंस?" सासरे म्हणतात, "आमच्या युनियननं रेटा लावला म्हणून उघडला!" "कसला रेटा?" भाऊजी म्हणतात, "व्यापार मोकळा केला म्हणून माल आला, माल आला म्हणून काम आलं!" माझी नोकरी गेली तेव्हा दोघंही नको नको म्हणत होते, आली तेव्हा दोघांनाही हवी! बाहेर गर्दी तर विचारू नका, शेजारच्या गल्लीतले लोक आलेले. आणि मी म्हटलं, पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं, "मी नाही जाणार."

आनिबालच्या हातातलं मीठ खाली पडलं.

"नाही जाणार म्हणजे?" सासरे म्हणाले.

"मी बूट शिवायची, बाबा. लेबलं नाही चिकटवायची मला. आणि माझ्या भोकांवर उभी राहून तर नाहीच."

"कसली भोकं?" भाऊजी म्हणाले. आता सांगून काय कळणार होतं? म्हटलं, शिवाय माझ्या एम्पनादा चालल्यात बऱ्या. तर सासऱ्यांनी हळूच चिमटा खाली ठेवला. भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी त्यांच्याकडे बघितलं. "बघितलंस, पोरा? काम दारात येतं, आणि ही माणसं नाही म्हणतात." "तेच तर मी कधीपासून सांगतोय, बाबा! काम आहे, करायला नको!" आणि अहो, दोघांनी एकमेकांना मिठी मारली! सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी! ठरलं एकदाचं. बेकारीला जबाबदार कोण? मागचं सरकार नाही, आत्ताचं सरकार नाही. नेलिदा!

आणि एकमत झाल्यावर काय हो... बाहेर लोक खुर्च्या उचलून चालते झाले. आज तिसरा दिवस, दोघं एकाच बाकावर बसून पत्ते खेळतायत, हसतायत, आणि आम्ही तिन्ही वेळा एम्पनादा खातोय. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. धंदा बसवलास म्हणतात.

तर घ्या, तुम्ही तरी एक घ्या. गरम आहेत... नाहीत, रविवारच्याच आहेत, पण मनुका आहेत आत. आणि खाता खाता एवढंच सांगा, तुमच्या मते चूक कोणाची? आणि तुमच्या शेजारच्यांच्या मते?... जरा मोठ्यानं बोला हो, फाटकाबाहेर ऐकू गेलं पाहिजे!